पुण्यात फिजिक्सची पदवी: प्रवेशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चपासून ऑगस्टपर्यंत मुलांचे आणि पालकांचे तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. फिजिक्सला प्रवेश मिळणं पुण्यात फारसं अवघड नाही. मुलं अडकतात ती मार्कांपेक्षा जास्त दोन गोष्टींवर: गेलेली तारीख आणि सोडलेलं गणित. त्यामुळे घाई असेल तर आधी प्रश्न ४ आणि प्रश्न ७ वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

१. बारावीनंतर फिजिक्स करायचंय. नेमका कशाला अर्ज करायचा?

पुण्यात मुख्य वाटा दोन. पहिली बी.एस्सी.ची, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न किंवा स्वायत्त कॉलेजमधून. फर्ग्युसन, टिळक रोडचं एस. पी., शिवाजीनगरचं मॉडर्न, कर्वे रोडचं गरवारे, वाडिया ही त्यातली नेहमी विचारली जाणारी नावं. दुसरी वाट पाषाणच्या आयसरची, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेची. तिथे पाच वर्षांचा बीएस-एमएस हा एकत्रित अभ्यासक्रम आहे आणि त्याला स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे (प्रश्न ६).

पुण्याबाहेर जायची तयारी असेल तर ‘नेस्ट’ ही परीक्षाही द्या. त्यातून भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईत कालिन्याला असलेलं सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या दोन संस्थांत पाच वर्षांच्या एकत्रित एम.एस्सी.साठी प्रवेश मिळतो. कालिना घरापासून तीन-चार तासांवर असूनही पुण्यातल्या कितीतरी मुलांनी सीईबीएसचं नावही ऐकलेलं नसतं, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

गणेशखिंडीतला विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग प्रामुख्याने एम.एस्सी. आणि पीएच.डी.साठी आहे. बारावीची गुणपत्रिका घेऊन थेट तिकडे जाऊ नका.

२. बारावीला किती टक्के हवेत?

पात्रता आणि कट-ऑफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बी.एस्सी.च्या पात्रतेसाठी बारावी सायन्स पास असणं पुरतं. तुमचा नंबर लागतो की नाही हे कॉलेजची गुणवत्ता यादी ठरवते, आणि ती त्या वर्षी किती अर्ज आले त्यावर वर-खाली होते. मागच्या वर्षीचा कट-ऑफ अंदाजापुरता बघावा.

यादी कशावर लावतात हेही बघा. काही ठिकाणी सहाशेपैकी एकूण गुण धरतात, काही ठिकाणी फक्त विज्ञान विषयांचे. समजा एकूण ७८ टक्के आहेत, पण भाषा आणि आयटीने ते वर नेलेत आणि फिजिक्स-गणित साठीच्या आसपास आहे. अशा मुलाचा क्रमांक दोन कॉलेजांत अगदी वेगळा येईल. माहितीपत्रकात याला एखादंच वाक्य असतं, ते शोधून वाचा.

आयसर आणि नेस्टला मात्र किमान टक्केवारीची अट आहे: ६० टक्के, आणि अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना ५५ टक्के.

३. एमएचटी-सीईटी द्यावी लागते का? सीयूईटी?

बी.एस्सी. फिजिक्ससाठी एमएचटी-सीईटी लागत नाही. ती इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी वगैरेंसाठी. सीयूईटी ही मुख्यतः दिल्ली विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ अशा केंद्रीय विद्यापीठांची परीक्षा. पुण्यातल्या संलग्न कॉलेजांना तिची गरज नाही. स्वायत्त कॉलेजला स्वतःची चाचणी ठेवता येते, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक बघितल्याशिवाय ‘परीक्षा नाही’ असं गृहीत धरू नका.

४. माझं बारावीला पीसीबी होतं, गणित नव्हतं. फिजिक्स मिळेल का?

पहिल्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, कारण बी.एस्सी.ची मूळ पात्रता सायन्सची आहे. पण फिजिक्स असलेला विषयगट गणिताशिवाय द्यायचा की नाही हे कॉलेजच्या नियमावर जातं, आणि बरीच कॉलेजं देत नाहीत.

समजा दिला, तरी खरी अडचण पुढे येते. पहिल्या सत्रातच अवकलन, समाकलन, सदिश आणि अवकल समीकरणं लागतात. ती शिकवायला वर्गात कोणी थांबत नाही. त्याहून मोठी अडचण तीन वर्षांनी. एम.एस्सी. फिजिक्सला बऱ्याच ठिकाणी, आयआयटी धरून, पदवीत काही सत्रं तरी गणित विषय असल्याची अट असते. म्हणजे पहिल्या वर्षी ‘नको बाई ते गणित’ म्हणून फिजिक्स-केमिस्ट्री-बॉटनी घेतलं, तर तिसऱ्या वर्षानंतर जॅममध्ये (आयआयटी वगैरेंच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) चांगला क्रमांक येऊनही काही दारं बंदच राहतात.

माझं मत विचाराल तर: गणित आवडत नसेल आणि फिजिक्स आवडत असेल, तर आवडतंय ते बहुधा फिजिक्सच्या गोष्टी सांगणाऱ्या व्हिडिओंसारखं काहीतरी आहे. त्यात वाईट काही नाही, पण पदवीचा अभ्यास तसा नसतो. गणित जमत असूनही डॉक्टर व्हायचं म्हणून सोडलं होतं, अशांची गोष्ट वेगळी. त्यांनी बारावीचं गणिताचं पुस्तक उन्हाळ्यात स्वतः सोडवून काढावं आणि पहिल्या वर्षी गणित मिळेल असा गट मागावा. असे विद्यार्थी चांगले निभावतात.

५. कॉमर्सला गणित होतं, चांगले मार्क होते. मग?

नाही. गुणपत्रिकेवर कॉमर्सच्या गणिताचा विषय क्रमांक ८८ असतो, सायन्सच्या गणिताचा ४०; पण मुद्दा क्रमांकाचा नाहीच. तुमच्याकडे फिजिक्स (५४) आणि केमिस्ट्री (५५) नाहीत. फिजिक्सच करायचं असेल तर बारावी सायन्स करावी लागेल.

६. आयसरला जेईईवरून प्रवेश मिळतो असं सीनियर सांगतात. खरं आहे का?

पूर्वी मिळायचा. केव्हीपीवाय (केंद्राची जुनी विज्ञान शिष्यवृत्ती परीक्षा) आणि जेईई ॲडव्हान्स्ड हे दोन्ही मार्ग बंद झाले. २०२४ पासून प्रवेश फक्त आयएटी या आयसरच्या स्वतःच्या परीक्षेवर होतो. चार-पाच वर्षांपूर्वी आत गेलेल्या सीनियरचा सल्ला इथे उपयोगाचा नाही, मग तो कितीही हुशार असो.

परीक्षा तीन तासांची, ६० प्रश्नांची आणि २४० गुणांची. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी, प्रत्येकी १५ प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला १ वजा. चारही विषयांचे प्रश्न सगळ्यांना सारखेच. पीसीएमवाली मुलं बायोलॉजी सरळ सोडून देतात आणि ६० गुणांवर पाणी सोडतात. अकरावी-बारावीचं एनसीईआरटीचं बायोलॉजी महिनाभर रोज तासभर वाचलं तरी त्यातले काही प्रश्न सुटण्यासारखे असतात, आणि क्रमांक तिथेच हलतो.

आत गेल्यावर सुरुवातीच्या सत्रांत सगळ्या विज्ञान शाखा शिकाव्या लागतात, फिजिक्सवर भर नंतर येतो. ‘मला फक्त फिजिक्स हवंय’ असं म्हणणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं.

७. फॉर्म कधी भरायचे? बारावीचा निकाल लागल्यावर बघू म्हटलं तर चालेल का?

बी.एस्सी.ला चालेल, आयसर आणि नेस्टला नाही. या दोन्ही परीक्षांचे अर्ज उन्हाळ्यातच, बोर्डाच्या परीक्षेच्या आगेमागे भरायचे असतात आणि निकालाची वाट बघत बसलं की मुदत गेलेली असते. आधी प्रात्यक्षिकं, मग लेखी, मग सीईटीची तयारी, आणि या धबडग्यात अर्ज राहून जातो. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की त्याच आठवड्यात दोन्ही संकेतस्थळं उघडून बघा. बारावीचे गुण त्या वेळी भरावे लागत नाहीत. ‘परीक्षेला बसलो आहे’ एवढं पुरतं.

बी.एस्सी.चे अर्ज निकालाच्या आसपास सुरू होतात. अकरावीसारखा सगळ्या कॉलेजांचा मिळून एक अर्ज इथे नाही. प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा, त्याचं शुल्क वेगळं, यादीची तारीख वेगळी. तीन-चार कॉलेजं निवडा आणि प्रत्येकाची तारीख कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावा. यादीत नाव लागल्यावर फी भरायला अनेकदा दोन-तीनच दिवस देतात. गावाला गेलो होतो हे कारण तिथे चालत नाही.

८. अर्जात विषयगट निवडायला सांगतात. कोणता घेऊ? आणि बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्समध्ये फिजिक्स असतं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स) ही वेगळी पदवी आहे, तिची यादी वेगळी आणि अर्जातला रकानाही वेगळा. ऑनलाइन अर्जात दोन्ही नावं एकाखाली एक येतात आणि चुकीच्या ओळीवर टिक होते, असं दर जूनला कोणाचं ना कोणाचं होतं.

नवीन शैक्षणिक धोरणानंतर संलग्न कॉलेजांत पहिल्या वर्षी साधारण तीन विषय सारख्या वजनाचे असतात आणि त्यातला एक दुसऱ्या वर्षापासून मुख्य विषय होतो. म्हणजे पहिल्या वर्षी जो विषय घेतलाच नाही, तो नंतर मुख्य करता येत नाही. स्वायत्त कॉलेजांची मांडणी थोडी निराळी असू शकते.

फिजिक्स-गणित ही जोडी पक्की धरा (का, ते प्रश्न ४ मध्ये). तिसरा विषय इलेक्ट्रॉनिक्स, संख्याशास्त्र किंवा केमिस्ट्री. उपकरणांत हात घालायला आवडत असेल तर इलेक्ट्रॉनिक्स; आकडेमोडीत रमत असाल तर संख्याशास्त्र. केमिस्ट्रीची प्रात्यक्षिकं वेळ खातात. मुख्य विषयाच्या तुकडीतल्या जागा मर्यादित असतात आणि त्या पहिल्या वर्षाच्या गुणांवर भरल्या जाऊ शकतात. प्रवेशाच्या खिडकीपाशीच विचारून ठेवा.

९. कागदपत्रं कोणती लागतात?

दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, एबीसी आयडी (श्रेयांक जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक). राखीव जागेसाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेयर. फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास.

दाखल्यावरचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का हे एप्रिलमध्येच तपासा. ‘ज्ञानेश्वर’चं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरं, असं असलं की ऐन प्रवेशाच्या दिवशी प्रतिज्ञापत्रासाठी धावपळ होते. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर महा ई-सेवा केंद्रातून काढायला निकालानंतर गेलात तर सगळं पुणे तिथेच रांगेत उभं असतं. शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्याच्या दहा झेरॉक्स आधीच काढून ठेवा. तो एकदा कॉलेजात जमा झाला की परत हातात येत नाही, नवीन दाखला घ्यावा लागतो.

१०. माझ्याकडे ओबीसीचा दाखला आहे. आयसरला तोच चालेल का? आणि एसईबीसीचं काय?

दरवर्षी सगळ्यात जास्त मनस्ताप याच प्रश्नावरून होतो. कॉलेजच्या बी.एस्सी.ला राज्याचं आरक्षण लागू होतं, आयसरला केंद्राचं. केंद्राच्या संस्थेसाठी ओबीसी-एनसीएल प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातलं लागतं. राज्याचं नॉन-क्रिमिलेयर जोडलं तर ते नाकारलं जातं. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही स्वतंत्रपणे तपासा; राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात तिथे असतेच असं नाही. भटक्या-विमुक्तांचा वेगळा गट केंद्राकडे नाही. त्यातल्या अनेक जाती तिथे ओबीसीत मोडतात.

एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे, आयसरला ते नाही. केंद्राच्या कोणत्याच आरक्षणात न बसणारं कुटुंब ईडब्ल्यूएसच्या अटींत बसत असेल, तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र काढता येतं. तहसील कार्यालयात ‘केंद्रासाठी हवं’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचाच नमुना हातात पडतो.

११. मी सीबीएसईचा आहे. वेगळं काही?

मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं (सीबीएसईचं डिजिलॉकरमध्ये मिळतं) आणि विद्यापीठाचा पात्रता अर्ज भरावा लागतो. आयसीएसई आणि एनआयओएसच्या मुलांनाही हेच लागू. पात्रतेचं काम प्रवेशानंतर होतं म्हणून मुलं ते विसरतात, आणि पहिल्या सत्राच्या परीक्षा अर्जाच्या वेळी ते आठवतं.

१२. फी किती? शिष्यवृत्ती आहे का?

अनुदानित तुकडीत फी बरीच कमी, विनाअनुदानितमध्ये जास्त. एकाच कॉलेजात, एकाच जिन्यावर या दोन्ही तुकड्या असू शकतात, तेव्हा यादीत नाव कुठल्या तुकडीत लागलंय ते बघूनच पैसे भरा. राज्याच्या शिष्यवृत्त्या आणि शुल्क सवलती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. मुलींच्या शंभर टक्के शुल्कमाफीची जी बातमी आली होती, ती २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, बी.एस्सी. त्यात धरू नका.

फिजिक्सवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं ती केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर शिष्यवृत्ती. बोर्डाच्या पहिल्या एक टक्का विद्यार्थ्यांत असाल आणि मूलभूत विज्ञानाची पदवी करत असाल, तर वर्षाला ८०,००० रुपये: ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. फिजिक्स, गणित, संख्याशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स हे विषय यादीत आहेत. कॉम्प्युटर सायन्स नाही, इंजिनिअरिंगही नाही.

१३. इंजिनिअरिंगच्या राऊंडची वाट बघतोय. तोवर बी.एस्सी.ला जागा धरून ठेवू का?

निम्मं पुणं हेच करतं, आणि त्यामुळेच पहिली यादी बघून निराश होऊ नये. कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की बी.एस्सी.च्या जागा रिकाम्या होतात आणि नंतरच्या याद्या खाली उतरतात. मनापासून फिजिक्स हवं असणाऱ्यांनी कॉलेजच्या शेवटच्या यादीपर्यंत तग धरावा.

तुम्ही जागा धरून नंतर सोडणारे असाल, तर प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार फी किती परत मिळणार हे तुम्ही प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या किती आधी किंवा नंतर रद्द करता त्यावर ठरतं; ती तारीख उलटून तीस दिवस झाले की काहीच मिळत नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला संस्थेला परवानगी नाही. कोणी अडवलीच, तर आवाज न चढवता त्याच नियमाची प्रत टेबलावर ठेवा.

१४. एक वर्ष गॅप घेतली तर?

बी.एस्सी.ला अडचण नाही, गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आयएटीला मात्र बारावी त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी झालेली असावी लागते, म्हणजे एकच जादा संधी. नीटसाठी दोन वर्षं घालवून मग आयसरचा विचार करणाऱ्यांना ही अट फार उशिरा कळते.

१५. बारावीत एक विषय राहिलाय. एटीकेटीवर प्रवेश मिळेल?

नाही. पुरवणी परीक्षा देऊन आधी पास व्हा. त्या निकालानंतर जागा उरलेल्या असतील तर कॉलेजं घेतात, आणि फिजिक्सला जागा उरलेल्या असण्याची शक्यता बऱ्यापैकी असते.

१६. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. जमेल का?

जमतं. अकरावी-बारावी सायन्सची पुस्तकं इंग्रजीतच होती, तो धक्का तुम्ही आधीच पचवला आहे. पदवीला इंग्रजीपेक्षा जास्त त्रास होतो तो जर्नल वेळेवर न लिहिण्याचा. सोडियम दिव्याखाली न्यूटनची वलयं मोजायची, सूक्ष्मदर्शकाचं वाचन घ्यायचं, आलेख काढायचा आणि त्याच आठवड्यात सरांची सही घ्यायची. प्रमाणित जर्नलशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत, आणि ते एका रात्रीत पूर्ण होत नाही.

१७. तीन वर्षं करू की चार?

प्रवेशाच्या वेळी ठरवायची गरज नाही. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं आणि दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते, चौथं वर्ष करून ऑनर्स घेतलं तर एम.एस्सी. एका वर्षाची. संशोधनासह ऑनर्ससाठी यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांची अट आहे. जॅम तीन वर्षांच्या पदवीवर देता येते. परदेशी जायचा विचार असेल तर चौथं वर्ष उपयोगी पडतं, कारण तिकडे अनेक विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात.

१८. मुलाला खगोलशास्त्रात जायचंय. बारावीनंतर आयुकात प्रवेश मिळतो का?

नाही. आयुका (खगोलशास्त्राची) आणि शेजारचं एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं) या संशोधन संस्था आहेत, तिथे पीएच.डी. करायला जातात. वाट फिजिक्सच्या पदवीतूनच जाते, बी.एस्सी.ला ‘खगोल’ असं नाव असलेला अभ्यासक्रम शोधत बसायची गरज नाही. तोवर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आयुकात किंवा नारायणगावजवळच्या खोडदला त्याला घेऊन जा. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची ४५ मीटर व्यासाची अँटेना जवळून पाहिली, की हे काम इलेक्ट्रॉनिक्स, गणित आणि वेल्डिंग अशा सगळ्यांचं मिळून आहे हे मुलांना आपोआप कळतं.

१९. नोकरी करतो. बाहेरून फिजिक्सची पदवी करता येईल?

इग्नूच्या बी.एस्सी.मध्ये फिजिक्स घेता येतं आणि इग्नूचं प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. पण प्रात्यक्षिकं घरून होत नाहीत. अभ्यास केंद्रावर हजर राहावंच लागतं. तेवढी रजा मिळेल का हे आधी साहेबांना विचारा, मग फी भरा.

२०. बी.ई. झालंय, आता फिजिक्स करायचंय. पुन्हा बी.एस्सी. करावी लागेल का?

बहुतेकांना नाही. आयुका आणि एनसीआरएच्या पीएच.डी.साठी इंजिनिअरही अर्ज करू शकतात. तयारी जेस्ट किंवा गेट या प्रवेश परीक्षांच्या फिजिक्सची करावी लागते. एम.एस्सी. फिजिक्सला मात्र अनेक विद्यापीठं पदवीला फिजिक्स मुख्य विषय मागतात. जॅममधून आयआयटीला जायचं असेल तर प्रत्येक आयआयटीची त्या अभ्यासक्रमाची पात्रता वेगवेगळी असते, आणि बी.ई.च्या गुणपत्रिकेवर फिजिक्स आणि गणिताची किती सत्रं दिसतात ते तिथे मोजलं जातं. अर्ज करण्याआधी आठही सत्रांच्या गुणपत्रिका समोर घेऊन ती मोजा. एम-वन, एम-टू, एम-थ्री ही गणिताचीच सत्रं.